लेखक गावात, बाजारपेठ मुंबई-पुण्यात

वालावल, विशेष प्रतिनिधी

कोणाचे पुस्तक निघावे, हे ठरवते कोण, हा प्रश्न ब्रिटनच्या प्रकाशनविश्वात ऐरणीवर आला आहे. तेथील मोठ्या प्रकाशनसंस्था गोरा, मध्यमवर्गीय वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच पुस्तके निवडतात, असा निष्कर्ष लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये काढला. त्यानंतर गीतांजली श्री (२०२२) आणि बानू मुश्ताक (२०२५) यांना आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. या दोघींची पुस्तके ब्रिटनमध्ये छापली ती टिल्टेड ॲक्सिस व अँड अदर स्टोरीज या छोट्या संस्थांनी. नव्या आवाजाची जोखीम बहुधा लहान प्रकाशकच पत्करतो.

मराठीचा अनुभव वेगळा नाही. कुडाळला खानावळ चालवीत कविता लिहिणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांना ‘सत्यकथे’ने वाचकांपुढे आणले. ‘जोगवा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास खानोलकरांनी मुंबई गाठली. प्रतिभा दक्षिण कोकणातली असली, तरी तिला मान्यता मिळण्याचे ठिकाण मुंबईच होते.

ही चौकट रुंदावली ती १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीने. दुकानदाराच्या मागणीवर विसंबून न राहता सभासद-वाचकांच्या बळावर पुस्तके काढण्याचा मार्ग तिने पत्करला. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि कोकणातील दलित स्त्रीचे जगणे मांडणारे उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही आत्मकथने याच वाटेने आली. सावंतवाडीत राहूनच लिहिणारे प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखकाने गाव सोडलेच पाहिजे, ही सक्ती आता उरलेली नाही.

मात्र लेखकांत विविधता आली, तरी वितरणाची घडी बदललेली नाही. पूर्वी आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. डिजिटल छपाईमुळे आता दोन-तीनशे प्रतीही काढता येतात. प्रकाशकाची जोखीम घटली, हा लाभ खरा. परंतु पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्या लेखकाच्या वाट्याला संपादन क्वचितच येते आणि वितरण तर त्याहून क्वचित. मोठ्या संस्थांचा ओढा खपाची खात्री असलेल्या अनुवादांकडे आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल मराठीत आल्यापासून श्राव्य पुस्तकांची नवी बाजारपेठ उभी राहिली. तिचा ग्राहकही मुख्यत्वे शहरी आहे.

कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावात नव्या पुस्तकाचा खरा आधार सार्वजनिक ग्रंथालयाचाच. १९६७ च्या कायद्यामुळे राज्यात सुमारे बारा हजार ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी बहुतेकांची मदार शासकीय अनुदानावर आहे. ते रखडले की पहिली कात्री ग्रंथखरेदीला लागते आणि उरलेल्या रकमेत ओळखीच्याच नावांची वर्णी लागते. अशा वेळी सिंधुदुर्गातील नवोदिताचे पुस्तक सिंधुदुर्गातल्याच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

मराठी प्रकाशनातील विविधता लेखकांच्या यादीवर जोखली जाते. तिची खरी कसोटी गावच्या ग्रंथालयाच्या कपाटात लागेल. अनुदान वेळेवर देणे आणि ग्रंथखरेदीत जिल्ह्यातील लेखकांना व छोट्या प्रकाशकांना निश्चित वाटा ठेवणे, हे दोन निर्णय पुरस्कारांहून अधिक परिणामकारक ठरतील.