इंग्रजी आली, पण वाचता कधी येणार?

तिसऱ्या भाषेवरून २०२५ साली महाराष्ट्रात मोठे रण माजले. पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय सरकारला २९ जून रोजी मागे घ्यावे लागले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या गदारोळात दुसऱ्या भाषेचे काय झाले, हे कोणी विचारलेच नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीची अवघी २४.५ टक्के मुले इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकली. २०१६ साली हे प्रमाण २४.७ होते. उरलेली मुले कोणत्या वस्तीतली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

दोष मुलांच्या बुद्धीत नाही, शिकवण्याच्या रीतीत आहे. 'सी ए टी कॅट' असे घोकून घेतले जाते. पण सी, ए, टी ही अक्षरांची नावे झाली. ती जोडून 'सीएटी' होईल, 'कॅट' कसे होईल? कोणते अक्षर कोणता आवाज करते आणि ते आवाज जोडून शब्द कसा बनतो, हे शिकवणारी पद्धत म्हणजे फोनिक्स. इंग्लंडने २०१२ पासून पहिलीच्या मुलांची त्यावर चाचणीच सुरू केली. आपल्याकडे महागड्या शाळांतील मुलांना ती बालवर्गातच मिळते, आमच्या मुलांच्या वाट्याला पाठांतर! ज्यांनी आमच्यापासून अक्षर दूर ठेवले त्यांची विद्याही पाठांतराचीच होती, हा योगायोग समजू.

शिक्षकालाच फोनिक्स कोणी शिकवलेले नसेल तर तो बिचारा काय शिकवणार? म्हणून संगणकाचा विचार करावा लागतो. यंत्र एकच आवाज शंभर वेळा ऐकवते, चुकणाऱ्याला हसत नाही आणि आडनाव विचारत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९६६-६७ मध्ये अमेरिकेतील ईस्ट पालो अल्टो येथील ब्रेंटवुड शाळेत हा प्रयोग केला. वस्ती गरीब, मुले बहुतांश कृष्णवर्णीय. पहिलीची निम्मी मुले यंत्रावर वाचन शिकत, निम्मी गणित. वर्षअखेर बहुतेक वाचन-चाचण्यांत वाचनाचा गट पुढे निघाला. त्या काळच्या अवजड यंत्रापेक्षा ताकदवान यंत्र आज साध्या मोबाइलमध्ये आहे.

मग विलायती प्रोग्राम विकत आणून बसवला की झाले? तसे होणार नाही. इंग्रजी कानावर पडतच वाढलेले मूल गृहीत धरून तो बनवलेला असतो. आपले मूल 'कॅट' हा शब्दच पहिल्यांदा ऐकते, त्याला आवाजाबरोबर चित्र आणि अर्थही द्यावा लागेल. मात्र त्याच्याजवळ एक मोठे भांडवल आहे. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचे नाते जवळचे आहे, बाराखडी शिकलेल्या मुलाला आवाज जोडणे ठाऊक असते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि आवाज सुमारे ४४, तेव्हा गोंधळ तिकडचा आहे. फक्त आपल्या 'क'मध्ये 'अ' दडलेला असतो, म्हणून प्रोग्रामने पाय मोडलेला 'क्' ऐकवावा, नाहीतर जोडताना शब्द फाटतो. इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांना मराठीत एकच 'व', तिथे सराव जास्त हवा. 'बट' आणि 'पुट' यांचे भांडण शेवटी ठेवावे. हे लंडनच्या कंपनीला कसे सुचणार? आपल्या समाजातले शिक्षक आणि संगणक अभियंते एकत्र बसले तर सुचेल.

उत्तर प्रदेशातील बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने 'इंग्रजी देवी'च्या मंदिराचा पाया घातला गेला. देवीच्या एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान आणि पायाखाली संगणक. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हाला देवी चालणार नाही. तो संगणक तेवढा हवा आहे.

पैसा नाही, हे उत्तर ऐकून घेऊ नये. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. संविधानाचे ४६ वे कलम अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितासाठी आहे, हे सरकारला पुन्हा सांगावे लागेल. आणि कायद्याचे काम करणारे म्हणून आम्ही आणखी एक सांगतो. पैसा जनतेचा असेल तर प्रोग्रामची मालकी कंपनीकडे राहता कामा नये, तो मोफत आणि इंटरनेटशिवाय चालावा, मुलांची माहिती बाहेर जाऊ नये. हे सारे करारातच लिहून घ्यावे लागते. संघटनांनी ही मागणी निविदा निघण्याआधी लेखी द्यावी. करारावर सह्या झाल्यावर माहितीच्या अधिकारात कागद मागून काय हाती लागणार?