उत्तरांची बेरीज आणि घराची अवस्था

कुटुंबांना साहाय्य करणाऱ्या समाजकार्यात प्रश्नावलीला मोठे मानाचे स्थान मिळाले आहे. 'गेल्या आठवड्यात उदास वाटले काय?', 'घरात आपले म्हणणे ऐकले जाते काय?' अशा प्रश्नांपुढे स्त्रीने खुणा करावयाच्या. खुणांना गुण, आणि गुणांची बेरीज म्हणजे कुटुंबाची अवस्था! भोगणाऱ्यालाच विचारावे, हे तत्त्व निर्विवाद होय. परंतु या बेरजेला सत्य मानण्यापूर्वी एक जुना दाखला आठवावा.

बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्यानजीक सिंगूर येथे आरोग्यपाहणी झाली. आपली प्रकृती ठीक नाही असे सांगणाऱ्या विधुरांचे प्रमाण ४८.५ टक्के होते. विधवांचे अवघे २.५ टक्के. अमर्त्य सेन यांनी या आकड्यांकडे लक्ष वेधले. विधवा अधिक सुदृढ होत्या, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. तक्रारीचा अधिकारच ज्यांना कधी लाभला नाही, त्यांनी आपल्या दुखण्याला दुखणे म्हटले नाही, हाच त्याचा अर्थ.

मग विचारणेच सोडावे काय? मुळीच नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाजवळ वाच्यता केली, असे आढळले. विचारले म्हणूनच हे कळले. मात्र हे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारावेत, असा तेथे दंडक होता. सासू शेजारी बसली असता भरलेल्या तक्त्यात सुनेचे मत कितीसे उतरणार?

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या मापालाच उद्दिष्ट केले की ते माप विश्वसनीय राहत नाही, हा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील विवेचनातून रूढ झाला. केंद्राचे अनुदान गुणांवर ठरू लागले, तर कार्यकर्ती गुण सुधारण्याच्या मागे लागेल. वस्तुतः चांगल्या समुपदेशनाने स्त्री प्रथमच आपल्या दुःखाला नाव देऊ लागते, आणि तिचे गुण काही काळ घसरूही शकतात. म्हणजे उत्तम काम करणारे केंद्रच नापास ठरावयाचे!

तेव्हा तक्ता हा संभाषणाचा आरंभ असावा, निकाल नव्हे. उत्तरांच्या जोडीला मुलांचे वजन, शाळेतील हजेरी, घरातील धान्य यांचीही नोंद ठेवावी. आणि अनुदानाचा गुणांशी असलेला संबंध तोडावा. ज्या घरातून तक्रार येत नाही, तेथे सारे आलबेल आहे असे समजणे शासनाला सोयीचे असेल. समाजकार्याला ते शोभणारे नाही.