मणका मोडला म्हणून मेंदू थांबत नाही

उन्हाळा आला की आपल्या खान्देशात माणसे धाब्यावर झोपतात. रात्री झोपेत उठलेल्या माणसाचा काठाचा अंदाज चुकतो. बकऱ्यांसाठी निंबाचा पाला तोडताना फांदी मोडते, विहिरीच्या कामात दोर तुटतो, ट्रॅक्टर बांधावरून उलटतो. जीव वाचतो, पण कमरेखालचे अंग हलत नाही. मग गाव निकाल देऊन मोकळे होते, "गेला बिचारा, आता खाटेवरच!" हा निकाल घाईचा आहे.

हालचालीचा हुकूम मेंदूतून सुटतो आणि मणक्यांतल्या मज्जारज्जूतून हातापायांकडे जातो. पांझरा खोऱ्यातली आपली जुनी फडपद्धत आठवा. बंधारा भरलेला आहे, पण पाट मध्येच फुटला. खालचे फड कोरडे पडले म्हणून बंधारा आटला, असे कोणी म्हणेल काय? पाय लुळे पडलेल्या माणसाने पाय हलवायचा प्रयत्न केला, तर कित्येक वर्षांनंतरही त्याच्या मेंदूतला पायाचा भाग जागा होतो, असे तपासण्यांत दिसले आहे. हुकूम सुटतो, वाटेत अडतो.

पण मेंदू होता तसाच राहत नाही. ज्या अंगाचा वापर चालू, त्याचे जाळे बळकट होते. ज्याचा वापर बंद, त्याचे दुबळे होत जाते. वापर नसलेला पाट गाळाने भरावा, तसेच हे. या उलथापालथीत काहींच्या बधिर पायांतही आग होते, मुंग्या येतात. ते ढोंग नव्हे, डॉक्टरांना सांगण्याचे दुखणे आहे.

आता महत्त्वाचे. पुष्कळ अपघातांत मज्जारज्जू पुरता तुटत नाही, काही धागे शाबूत राहतात. रोज नेमाने व्यायाम केला, तर मेंदू त्याच धाग्यांतून नवी वाट काढायला शिकतो. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होतो. नेमके तेच महिने आपण अंगारेधुपारे आणि मालीशवाल्यांत घालवतो. स्वित्झर्लंडमधल्या, 2023 साली जाहीर झालेल्या प्रयोगात मेंदूतला हुकूम यंत्राने टिपून तुटलेल्या जागेच्या खाली पोचवला गेला आणि पाय लुळे पडलेला एक माणूस आधार घेऊन चालला. हे अजून प्रयोगातले आहे, उद्या आपल्या तालुक्याला येईल असे नव्हे. पण हुकूम जिवंत असतो, याचा हा पुरावा आहे.

खोटी आशाही लावू नये. मज्जारज्जू पुरता तुटला असेल तर चालणे बहुधा परत येत नाही. तरी हात बळकट करता येतात, उठून बसता येते, चाकाच्या खुर्चीवरून दुकान, हिशेब, पशुपालन सांभाळता येते.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पडलेल्या माणसाला ओढू नका, बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. 108 ला फोन करा. हलवणे भागच असेल, तर चार-पाच जणांनी डोके, मान, पाठ एका रेषेत धरून फळीवर वा दाराच्या पल्ल्यावर घ्या. उचलण्यातल्या चुकीने उरलेले धागेही तुटू शकतात.

दुसरी, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची काळजी डॉक्टर सांगतील तशी घ्या, मूत्रपिंडाचा प्रश्न आहे. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे व्यायामोपचार शिकून घ्या आणि घरी रोज करा.

तिसरी ग्रामपंचायतीसाठी. स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. त्यातून खुर्ची द्या, शाळा आणि कचेरीला उतार बांधा, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्या. सत्कार-हारांपेक्षा हे काम मोठे.

पाट फुटला तर आपण बंधारा सोडून देत नाही, फावडी घेऊन सारे गाव धावते. माणूस पडला तरी तसेच धावा.