सुसानच्या खिडकीतला कंदील

आनंदीबाई जोशींचा तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. १८८५ सालचा, फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातला. सोबत एक जपानी आणि एक सीरियातली मैत्रीण. परवा शनिवारी वॉशिंग मशीन लावून त्या कॉलेजबद्दल वाचत बसले आणि तिथल्याच दुसऱ्या एका मुलीच्या प्रेमात पडले. सुसान ला फ्लेश.

नाव फ्रेंच, पण मुलगी अमेरिकेच्या मूळनिवासी ओमाहा जमातीतली, नेब्रास्काची. जन्म १८६५, म्हणजे आनंदीबाईंच्याच वयाची. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये ही तिथे दाखल. थोडक्यात चुकामूक!

लहानपणी सुसानच्या समोर एक म्हातारी आजारी पडली होती. सरकारी गोऱ्या डॉक्टरला चारदा निरोप गेला. दर वेळी ‘येतो’ म्हणाला. पहाटेच्या आत म्हातारी गेली, डॉक्टर आलाच नाही. मी तालुक्याच्या गावची, त्यामुळे मला हे फारच ओळखीचं वाटलं.

१८८९ मध्ये सुसान वर्गात पहिली आली. पुढे काय? शहरात प्रॅक्टिस? छे, बाईसाहेब थेट गावी परत! बाराशेच्या वर माणसं, मैलोन् मैल पसरलेली वस्ती, डॉक्टर एकटीच, आणि पगार वर्षाला ५०० डॉलर. (आपल्या अप्रेझलबद्दल नंतर बोलू.) थंडीवाऱ्यात घोड्यावरून नाहीतर बग्गीतून व्हिजिट्स. क्षयाचे पेशंट तर होतेच, पण लोक पत्रं वाचून घ्यायला आणि जमिनीचे कागद समजून घ्यायलाही तिच्याकडेच यायचे. रात्री खिडकीत कंदील. अंधारात कुणी आलं तर घर सापडायला हवं ना!

तब्येत साथ देईना, म्हणून १८९३ मध्ये नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी लग्न, मग दोन मुलगे आणि बॅनक्रॉफ्ट गावात पुन्हा प्रॅक्टिस. १९०५ मध्ये नवरा गेला. त्याच्या जमिनीचे पैसे मिळवायला या टॉपर डॉक्टरला सरकारदरबारी भांडावं लागलं, कारण मूळनिवासींना आपले व्यवहार कळत नाहीत असं सरकारनेच ठरवून टाकलेलं. डोकंच फिरतं वाचून.

१९१३ मध्ये वॉल्टहिल गावात तिचं हॉस्पिटल उघडलं, सरकारी पैशावर नाही, देणग्यांवर. तोवर ती स्वतःच खूप आजारी होती. १९१५ मध्ये, पन्नाशीतच गेली.

आनंदीबाईंना तर तेवढाही वेळ मिळाला नाही. कोल्हापूरच्या हॉस्पिटलातली नेमणूक वाट बघत होती, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या.

रात्री आईला फोन केला. सहज विचारलं, ‘‘काय गं, आपल्या दवाखान्यात डॉक्टर आला का कुणी?’’

‘‘आलीये एक पोरगी. राहतेसुद्धा गावातच,’’ आई म्हणाली. ‘‘काल डबा दिला तिला.’’