पहिल्या पुराचं पाणी कोन मोजते?

राजेहो, तेल्हाऱ्याची माती समुद्रात जाते म्हटलं तं लोकं हासतात. नकाशा पाहा. आपले नाले वानेत, वान पूर्णेत, पूर्णा चांगदेवजवळ तापीत, अन् तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात.

प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने घेते, पण ठरल्या फेरीत. घाण काही तारीख पाहून वाहत नाही. खत टाकल्यावर पहिला मोठा पाऊस पडला का माती, युरिया, तणनाशक, गावचं गटार सारं एकदमच निघते. चार दिवसांनी नितळ पाणी बाटलीत भरून काय समजणार?

हिशेब करा. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 1 लाख लिटर पाणी. त्यातलं अर्धं वाहिलं अन् लिटरमागं 2 ग्रॅम गाळ धरला, तरी 100 किलो माती गेली. तिले चिकटलेलं स्फुरदही गेलं, आपल्याच पैशाचं.

म्हणून मागणी एकच: पूर चढताना नमुना घ्या, अन् त्याच वेळी नाल्याचा प्रवाहही मोजा. प्रवाहाबिगर किती किलो गेलं ते निघत नाही. शेतकऱ्यावर बोट दाखवायचं असन, तं आधी वावराचं किती अन् गटाराचं किती हे मोजून सांगा.

आपणही धुऱ्यावरचं पाणी बाटलीत रातभर ठेवा. गाळ दिसन. विरघळलेला युरिया दिसनार नाही, त्याले प्रयोगशाळाच लागते.