डोंगर गेला, धूळ उरली

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसतो. तुर्भे, शिरवण्याच्या बाजूला तेथे वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. कापलेले कडे आजही लांबून दिसतात. शहराचे रस्ते, पूल, इमारती अशाच डोंगरांच्या खडीवर उभे राहिले. ती खडी फोडली कोणी? १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतरही पोटासाठी गाव सोडून आलेल्या कष्टकरी स्त्री-पुरुषांनी!

घरे, रस्ते आम्हालाही हवेत. पण हिशेब नीट मांडला पाहिजे. झाडांची पाने धूळ धरतात, मुळे माती धरतात. डोंगर फोडला की धूळ अडवणारे रान जाते आणि त्याच दगडाची नवी धूळ होते. नुकसान दुहेरी. हिवाळ्यात वारा मंदावला की ही धूळ आणि गाड्या-कारखान्यांचा धूर वस्तीवरच साचतो. त्यातले सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. ते थेट फुप्फुसात उतरतात. एक घनमीटर हवेत त्यांची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाची २००९ची मर्यादा ४० आहे.

खिडकी लावून घेणारे घेतील. नाक्यावरच्या मजुराने काय करावे? दगड, वाळू, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. त्याची लक्षणे क्षयासारखीच दिसतात. म्हणून खोकला हटत नसेल तर दवाखान्यात आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, हे आवर्जून सांगा.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. भोवती पत्र्याचे कुंपण, ओले कापड, पाण्याचा फवारा, झाकलेले ट्रक. आपल्या वस्तीशेजारी हे होते का, हे महिला मंडळाने आणि तरुणांनी पाहावे. नसेल तर लेखी तक्रार करून पोच घ्यावी. बांधकाम मजुरांसाठी १९९६मध्ये कायदा झाला. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती राहिली असेल तर याच महिन्यात करा.

आणि उरलेल्या डोंगराला कोणी हात लावू लागला, तर पहिला आवाज आपल्या वस्तीतून उठला पाहिजे. त्याची धूळ सर्वांत आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जाते.