पऱ्हाटीतला सूर

अमेरिकेतलं ब्लूज संगीत मिसिसिपीच्या कापसाच्या रानात, गुलामीतून सुटूनही कर्जात अडकलेल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गळ्यातून उमटलं. १८६१ ते ६५च्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. पीक एकच, राबणंही तेच. १९२० साली मॅमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ची तबकडी निघाली अन् तो सूर घरोघरी पोचला. आपल्या यावलीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी १९५५ साली जपानपर्यंत गेली. पण कमरेला ओटी बांधून, वाळल्या बोंडाची टोकं नखाखाली टोचत असताना वेचणी करणाऱ्या बायांची गाणी त्या मानाने फारच थोडी नोंदली गेली, याची मनापासून खंत वाटते. अमरावती-अकोल्याच्या वाचकांनो, आजीला गायला लावा, मोबाइलवर टिपा, आम्हाला पाठवा. गाणारीच्या नावानिशी छापू.